उतू जाणं वेगळं, फुटणं वेगळं

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तक्रार लहान आहे, पण पत्र लांबणार, हे आधीच सांगून ठेवतो. कापायचं झालं तर शेवटून कापा, मधून नको. मधलं काढलं की थर चुकतात.

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या नोव्हेंबरात 23 तारखेला, इथिओपियाच्या अफार भागातला हायली गुब्बी हा ज्वालामुखी जागा झाला. त्याची राख तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून दुसऱ्या दिवशी आपल्या गुजरात-राजस्थानच्या आणि दिल्लीच्या आकाशात आली. आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं आखातात जाणारं विमान त्यात रद्द झालं. त्या बातमीवर आपण मथळा दिला होता, ‘ज्वालामुखीचा भीषण स्फोट’. खाली छायाचित्र होतं तांबड्याभडक लाव्ह्याच्या संथ ओघाचं, आणि त्या ओघाच्या काठाशी दोन माणसं मोबाइल धरून उभी. आता मला सांगा, जिथून राख चौदा किलोमीटर वर गेली, तिथे काठाशी उभं राहून कोण फोटो काढेल? मथळा एका जातीच्या ज्वालामुखीचा आणि चित्र दुसऱ्याच जातीच्या. लग्न एकाचं आणि वरात भलत्याच्याच दारी!

मी हे सोडूनही दिलं असतं. पण माझ्या सातवीतल्या नातीने तेच चित्र कापून शाळेच्या प्रोजेक्टच्या वहीत चिकटवलं, शेजारी टोकदार डोंगर काढला आणि खाली लिहिलं, ‘ज्वालामुखी म्हणजे स्फोट होणारा पर्वत’. मी म्हटलं, हे अर्धंच खरं आहे. ती म्हणाली, “आबा, पेपरात आलंय.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून हे पत्र.

मी काही भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक नाही. इंदुरात चौतीस वर्षं बोरिंगचा धंदा केला. वडील विहिरी खणायचे, सुरुंग लावून. मी मशीन घेतली. रामबागेपासून राऊपर्यंत आणि देपालपूरच्या शेतांपर्यंत किती भोकं पाडली याचा हिशोब डायऱ्यांत आहे, पण त्यातल्या दोन डायऱ्या वाळवीने खाल्ल्या. मशीनवर उभा राहणारा माणूस जमिनीच्या आत बघू शकत नाही. तो बघतो चुरा. हॅमर दगड फोडतो, कंप्रेसरची हवा चुरा वर उडवते, आणि दर रॉडमागे आम्ही मूठभर चुरा बाजूला काढून त्याचे ओळीने ढीग लावतो. चौतीस वर्षं मी ते ढीग वाचले. वर्तमानपत्रासारखेच, फक्त त्यांत मथळे नसतात.

इंदूरच्या खाली काय लागतं ते ऐका. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा कडक दगड, बिट लाल होईल असा. तो संपला की भोकाभोकांचा, पांढऱ्या टिकल्यांचा दगड. वडील त्याला मांजऱ्या म्हणत. त्या भोकांतून पाणी मिळण्याची आशा. मग एकदम चुरा तांबडा होतो, गेरूसारखा. ही तांबडी माती दोन-चार फुटांचीच असते, पण फुगते, ढासळते आणि हॅमर धरून ठेवते. तिच्यापायी माझं एक हॅमर कायमचं जमिनीत राहिलं. तिच्याखाली पुन्हा काळा कडक. पुन्हा मांजऱ्या. पुन्हा तांबडी. पावलोपावली पाणी ही माळव्याची जुनी ख्याती, पण माझ्या उमेदीत शंभर फुटांवर लागणारं पाणी शेवटी शेवटी पाचशेवरही सापडेना, त्यामुळे हे थर मला हवे त्याहून जास्तच बघायला मिळाले.

हा प्रत्येक काळा थर म्हणजे लाव्ह्याचा एकेक पूर. वरची मांजऱ्या म्हणजे लाव्हा थिजताना त्यात अडकलेले वायूचे बुडबुडे. आणि तांबडी माती म्हणजे मधली विश्रांती: एक पूर येऊन थिजला, त्यावर ऊन-पाऊस पडून त्याची माती झाली, आणि मग पुढचा पूर येऊन त्या मातीवर पसरला. तीच माती भाजून तांबडी झाली. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आज उरलेला हा लाव्हा जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे, आणि सह्याद्रीत त्याची जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरच्या वर आहे. दख्खनच्या या लाव्ह्याला इंग्रज ‘ट्रॅप’ म्हणाले. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना. ज्यांनी पावसाळ्यात पातालपाणीचा धबधबा पाहिला आहे त्यांना हा जिना वेगळा दाखवायला नको. पाणी जिथून पडतं तो सगळा काळा कडा म्हणजे लाव्हा.

आणि यात डोंगर कुठेच नाही! टोकदार शंकू नाही, शेंड्यावर तोंड नाही. जमिनीला मैलोन् मैल लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा उतू गेला. नर्मदा-तापीच्या खोऱ्यात, धुळे-नंदुरबारकडे, अशा बुजलेल्या भेगा आजही काळ्या भिंतींसारख्या शेतांतून सरळ रेषेत जाताना दिसतात. महूजवळच्या जानापावला, जिथे चंबळ उगम पावते, आमच्याकडचे लोक ‘ज्वालामुखीचं तोंड’ म्हणतात. लोकांना तोंड हवंच असतं. लोणारच्या सरोवरालाही कित्येक वर्षं तसंच समजत होते. ते तर आकाशातून पडलेल्या उल्केने याच लाव्ह्याच्या थरात पाडलेलं भोक निघालं.

उतू जाणं हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आमची मंडळी दूध तापायला ठेवून पोथी वाचायला बसतात, त्यामुळे घरात या विषयाचा अभ्यास नियमित चालतो. दूध भांड्याबाहेर येतं तेव्हा भांडं फुटत नाही. ते ओट्यावर पसरतं, वर साय धरते आणि सायीखालून ओघळत राहतं. दख्खनच्या लाव्ह्यातले कितीतरी थर असेच पसरले: वरची साल थिजली, त्या सालीने आतली उष्णता धरून ठेवली, आणि आतून नवा लाव्हा शिरत राहून तीच साल हळूहळू वर उचलत गेला. म्हणूनच तो इतका लांब जाऊ शकला. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ जो लाव्हा सापडतो तोही इकडूनच वाहत गेला असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. धार जिल्ह्यात बागच्या बाजूला डायनासोरची अंडी निघाली आहेत ती या लाव्ह्याच्या खालच्या चुनखडीत. शेतकरी त्या गोल दगडांना काकड भैरव म्हणून शेंदूर लावत होते, आणि 2023 मध्ये तज्ज्ञांनी येऊन सांगितलं की ही अंडी आहेत. मला विचाराल तर शेंदूर राहू द्यावा.

तर मग एक ज्वालामुखी उतू जातो आणि दुसरा फुटतो, असं का? दोन गोष्टी धरा: रस किती घट्ट, आणि त्यात वायू किती.

घट्टपणाचं गणित पाकावर समजतं. गुळाचा पाक एकतारी असतो तेव्हा चमच्यावरून धार लागते, गोळीबंद झाला की चमचा उभा राहतो. जमिनीखालच्या शिलारसात हे काम सिलिका करते, म्हणजे वाळूत आणि काचेत असते तीच. तिचे कण एकमेकांना धरून साखळ्या करतात. साखळ्या जितक्या जास्त तितका रस चिकट. आपला काळा दगड, बेसाल्ट, यात सिलिका साधारण निम्मी, आणि तो 1100 ते 1200 अंश सेल्सिअसला बाहेर येतो; हा एकतारी. अँडेसाइट नावाच्या दगडात 60 टक्क्यांच्या आसपास. रायोलाइटमध्ये 70 च्या वर, आणि तो 700 ते 900 अंशांवरच बाहेर येतो, म्हणजे चिकट आणि वर गार. हा गोळीबंदच्याही पुढचा, चिक्कीचा पाक.

आता वायू. हे मात्र मी पुस्तकातून शिकलो नाही. बोर करताना पाणी लागलं की आधी धूळ उडायची थांबते, मग चिखल थुंकल्यासारखा येतो, आणि मग एकदम भोकातून पाण्याचा खांब उठतो, वीस-तीस फूट. घरमालकाच्या बायका-मुलं टाळ्या वाजवतात, कुणी नारळ फोडायला धावतो. त्यांना वाटतं, पाण्याला केवढा जोर! पाण्याला कसलाच जोर नसतो. तळाशी आमच्या कंप्रेसरची हवा असते, ती वर येताना फुगते आणि पाण्याला उचलून नेते. कंप्रेसर बंद केला की खांब खाली बसतो, मालकाचा चेहराही. ज्वालामुखीतही शिलारसाला उचलतो तो वायूच. फक्त तिथे कंप्रेसर बाहेरून लावलेला नसतो. वायू रसातच विरघळलेला असतो. बहुतेक पाण्याची वाफ, शिवाय कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू. खोलवर दाब प्रचंड, तोवर तो गप्प विरघळून राहतो. रस वर सरकला, दाब उतरला, की बुडबुडे सुटतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखे. पाण्याची उघड्यावर वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते.

रस पातळ असेल तर बुडबुडे वर येऊन फुटतात आणि मोकळे होतात. हवाईचा किलाउआ असाच. 2018 मध्ये त्याच्या उतारावर भेगा पडून वस्तीत लाव्हा शिरला, सातशेच्या आसपास घरं गेली, पण लोक सामान बांधून चालत निघाले आणि वाचले. रस थोडा अधिक घट्ट असेल तर बुडबुडे एकत्र येऊन मोठे होतात आणि मधूनमधून फटकन फुटतात: पिठलं रटरटतं तसं. इटलीजवळचं स्ट्रॉम्बोली बेट गेली कैक शतकं दर दहा-वीस मिनिटांनी असंच रटरटतं आहे, आणि खलाशी त्याला भूमध्य समुद्राचं दीपगृह म्हणत आले. आपला अंदमानातला बॅरन बेटाचा ज्वालामुखी, भारतातला एकुलता जागा, 1991 पासून अधूनमधून याच चालीने जागतो.

आणि रस गोळीबंद असेल तर? बुडबुड्याला वाट नाही. तो फुगतो, पण रस त्याला सोडत नाही. शेजारचाही फुगतो. शेवटी सगळा रस फेस होतो आणि त्या फेसाच्या ठिकऱ्या उडतात. त्या ठिकऱ्या म्हणजेच राख. ‘राख’ हा शब्दही फसवा आहे, संपादक महोदय. त्यात काही जळलेलं नसतं. ती चुलीतली राख नव्हे, काचेचा आणि दगडाचा चुरा असतो. बोटांत चोळला तर बोचतो. विमानाच्या इंजिनात गेला तर तिथल्या उष्णतेने वितळतो आणि आत चिकटून बसतो. 1982 मध्ये जावा बेटाजवळ रात्री एक जम्बो विमान गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि त्याची चारही इंजिनं बंद पडली. ते तरंगत खाली आल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली म्हणून माणसं वाचली. आमच्या गल्लीतला मुलगा विमान कंपनीला शिव्या देत होता, त्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, काका, तरी परतावा लवकर द्यायला काय झालं. तेही खरंच.

रस घट्ट का होतो आणि त्यात वायू कुठून येतो, हे थोडक्यात सांगतो, कारण इथे मी स्वतःच उसनवारीवर आहे. दख्खन, हवाई यांचा रस खालच्या प्रावरणातून, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातून वर येतो. पाणीही त्यात थोडं, हवाईत तर एक टक्क्याच्याही आत. जपान, इंडोनेशिया, फिलिपिन्स, अँडीज इथे मात्र समुद्राचा तळ जमिनीखाली घुसतो आणि आपल्याबरोबर पाणी घेऊन जातो. त्या पाण्याने वरचा खडक वितळतो, तो रस वर येताना मुरतो, सिलिका वाढते, आणि पाणी वजनाने शेकडा चार-सहापर्यंत जातं. घट्टही आणि फसफसणाराही. फुटायला आणखी काय लागतं?

आपल्या माळव्याखालचा विस्तव आता आपल्याखाली नाही, हेही सांगून टाकतो, नाहीतर कुणी घाबरेल. विस्तव आपल्या जागी राहिला आणि भारत त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत आला. आज तो हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली आहे असं मानतात, आणि तिथला पितों द ला फूर्नेझ अजूनही तसाच काळा, पातळ बेसाल्ट ओततो. घराण्याची चाल सुटलेली नाही.

फुटण्याचे प्रकारही एक नाहीत. इ. स. 79 मध्ये इटलीच्या व्हेसूव्हियसमधून उभा खांब आकाशात गेला आणि वर छत्रीसारखा पसरला. प्लिनी नावाच्या सतरा-अठरा वर्षांच्या रोमन मुलाने तो खाडीपलीकडून पाहिला. त्याचे मामा जहाजं घेऊन तिकडे गेले आणि परत आले नाहीत. पुढे प्लिनीने इतिहासकार टॅसिटसला पत्रातून हे सगळं कळवलं, आणि आजही अशा उद्रेकाला शास्त्रज्ञ प्लिनीचंच नाव देतात. ज्वालामुखीवर लांब पत्र लिहिणारा मी पहिला नाही, एवढाच मुद्दा.

खांब टिकला तर राख पडते. खांब स्वतःच्या वजनाने कोसळला तर तापलेला वायू आणि चुरा डोंगरावरून खाली धावत सुटतो. मार्तिनिक बेटावर 8 मे 1902 च्या सकाळी माँ पेलेच्या उतारावरून असाच लोट उतरला आणि सेंट पियेर शहर काही मिनिटांत संपलं, सुमारे 28,000 माणसांसह. पळायला वेळच नव्हता. नंतरची गंमत (गंमत म्हणायची तर) अशी की त्याच डोंगराच्या तोंडातून, वायू निघून गेल्यावर, उरलेला घट्ट रस सोऱ्यातून जाड शेव निघावी तसा उभाच्या उभा बाहेर आला. तीनशे मीटरहून उंच सुळका! आणि वर्षभरात ढासळूनही गेला. इंदूरकरांना शेवेची उपमा द्यायला मी लाजत नाही.

सेंट हेलेन्सची गोष्ट मला सगळ्यांत जास्त पटते, कारण ती झाकणाची आहे. अमेरिकेत 1980 च्या वसंतात त्या डोंगराची उत्तरेकडची कूस फुगू लागली, दिवसाला दीड-दोन मीटर. आत घट्ट रस शिरत होता. लोक वाट बघत होते की शेंडा उडेल. 18 मे रोजी सकाळी 8 वाजून 32 मिनिटांनी भूकंप झाला, फुगलेली कूस घसरून खाली गेली, म्हणजे चालू कुकरचं झाकण बाजूने सरकलं, आणि दाब एका क्षणात उतरला. स्फोट वर नाही, आडवा झाला. 57 माणसं गेली आणि डोंगर चारशे मीटरने बुटका झाला. वाफ तीच, रस तोच. झाकण कसं निघालं यावर सगळं ठरलं. आमच्या मंडळींचा कुकर एकदा शिट्टी अडकून असाच बोलला होता. छतावर वरणाचा डाग अजून आहे, रंग दोनदा देऊनही.

कधी कधी रसाचा काही दोष नसतो, पाणी बाहेरून येतं. कढत तेलात ओला हात झटकला तर काय होतं ते घराघरांत ठाऊक आहे. आइसलंडच्या एयाफ्यात्लायोकुत्लने (हे नाव मी कागदावर सहा वेळा लिहून पाहिलं) 2010 मध्ये युरोपची विमानं जवळपास आठवडाभर जमिनीवर बसवली, कारण डोक्यावरचं बर्फ वितळून त्याच्या तोंडात पडत होतं. 15 जानेवारी 2022 ला टोंगाचा समुद्रातला हुंगा ज्वालामुखी उडाला तेव्हा लोट 57 किलोमीटर वर गेला आणि हवेच्या दाबाची लाट पृथ्वीला फेऱ्या घालून आली. न्यूझीलंडच्या व्हाइट बेटावर डिसेंबर 2019 मध्ये 22 माणसं गेली ती नुसत्या वाफेच्या स्फोटाने. लाव्हा दिसलासुद्धा नाही.

आणि कोलंबियाच्या नेवादो देल रुइझचा उद्रेक तर तसा लहानच होता. 13 नोव्हेंबर 1985. पण त्याने शिखरावरचं बर्फ वितळवलं, त्या पाण्यात राख-दगड मिसळून चिखलाचा पूर दऱ्यांतून निघाला आणि अडीचएक तासांनी सत्तर किलोमीटरहून लांबच्या आर्मेरो गावावर आला. तेवीस हजार माणसं. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार झाला होता. अडीच तास, संपादक महोदय. तिथे ‘स्फोट’ या शब्दाची वाट बघत बसलेल्या माणसाला वाटलं असेल, आवाज तर लांबचा आहे.

‘उतू जाणं’ म्हणजे निरुपद्रवी, असंही कुणी समजू नये. आइसलंडमध्ये 8 जून 1783 ला लाकी इथे जमीन उसवली, 27 किलोमीटर लांब. आठ महिने लाव्हा वाहत होता. आपल्या दख्खनची अगदी धाकटी बहीण म्हणावी अशी. लाव्ह्याखाली फारशी माणसं मेली नाहीत. पण वायू गवतावर बसले, गवत खाऊन गुरं मेली, गुरांमागून दुष्काळ आला आणि आइसलंडची पाचवा हिस्सा माणसं गेली. युरोपात त्या उन्हाळ्यात सूर्य धुरकट लाल दिसत होता. हे इतकं एका लाकीने केलं. दख्खनचे एकेक पूर याच्या कितीतरी पटींनी मोठे होते, म्हणून डायनासोर संपले त्यात उल्केचा वाटा किती आणि आपल्या पायाखालच्या दगडाचा किती, यावर शास्त्रज्ञांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

एवढं सगळं सांगून आता माझाच पाय अडकतो तो हायली गुब्बीत. तो ज्वालामुखी ढालीसारखा बसका, त्याचा शेजारी एर्टा अले वर्षानुवर्षं लाव्ह्याचं तळं बाळगून बसलेला. म्हणजे घराणं उतू जाणाऱ्यांचं. हायली गुब्बीच्या आधीच्या उद्रेकाची माणसाकडे नोंद नाही. आणि तो उठला तो राख उडवतच. किलाउआसुद्धा सदैव गरीब नसतो: 1790 मध्ये त्याच्या स्फोटाने डोंगरावरून चाललेली सैनिकांची तुकडी मारली, आणि 1924 मध्ये तो वाफेने पुन्हा उडाला. तेव्हा एका ज्वालामुखीला एकच स्वभाव चिकटवणंही चूकच. बोरिंगमध्ये शेजारच्या प्लॉटला पाणी लागलं म्हणून आपल्याला लागेल असं म्हणणाऱ्याला आम्ही नवखा म्हणतो.

माझं मागणं इतकंच. मराठीत क्रियापदांचा तुटवडा नाही. ज्वालामुखी उतू गेला, ओसंडला, रटरटला, धुमसला, फसफसला, उडाला, फुटला, कोसळला, चिखल होऊन वाहिला. यांतलं जे झालं ते लिहा. ‘भीषण स्फोट’ हा शिक्का टेबलावरून उचलून ठेवा. आणि चित्र दुसरीकडचं असेल तर खाली तसं छापा: ‘हवाईतील, 2018’. एका ओळीची जागा लागते. आपल्या तिसऱ्या पानावर राशिभविष्याभोवती जी वेलबुट्टी असते, ती थोडी कमी केलीत तरी भागेल.

नातीचं प्रोजेक्ट आम्ही नव्याने केलं. जुन्या पाटाला करवतीने लांब फट पाडली, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस पातळ कालवून, काजळी घालून, रंगपंचमीच्या पिचकारीने खालून दाबलं. एक थर पसरून थिजला की वर गेरू भुरभुरायचा, मग दुसरा थर. असे चार. शाळेत दहापैकी सहा गुण मिळाले. शेरा होता, ‘ज्वालामुखी दिसत नाही’. सोडा-व्हिनेगरवाल्या डोंगराला नऊ मिळाले. नात दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच पाटाची कड कानशीने घासून चारही थर उघडे केले आणि विचारलं, की आबा, तुमचं अडकलेलं हॅमर यातल्या कुठल्या तांबड्यात आहे. मी अंदाजाने बोट ठेवलं. आता तिथे तिने टाचणी खोचली आहे.

पाट माझ्या चुऱ्याच्या पुड्यांशेजारी, पुढच्या खोलीत आहे. आपल्या वार्ताहराला पाहायचा असेल तर मी संध्याकाळी पाचनंतर घरीच असतो.

आपला नम्र,
एक निवृत्त बोरिंगवाला
रामबाग, इंदूर